भिंतीतली चूल

आमच्या घराचं छप्पर बर्फासाठी बांधलेलं होतं. तेही जालन्यात, जिथं उन्हाळ्यात अंगणातली कळशी उचलायची तर हाताला पदर गुंडाळावा लागतो. बांधणारा छावणीतला कुणी फौजी साहेब, मूळचा स्कॉटलंडचा. त्याला आपल्या मुलखाची इतकी सय यायची म्हणे, की त्यानं इथल्या काळ्या दगडात तिकडचंच घर उभं करून टाकलं. छप्पर असं उतरतं की त्यावरून वानरसुद्धा घसरावं. थंडी आत शिरू नये म्हणून खिडक्या हातभर. भिंती एवढ्या जाड, की खिडकीच्या कोनाड्यात मी मांडी घालून अभ्यासाला बसायची आणि वर शेंगदाण्याची वाटीही मावायची. एका कोपऱ्याला गोल बुरूज, त्याच्या डोक्यावर सुरनळीसारखी टोपी. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांनी आभाळाकडं गेलेल्या. त्या पायऱ्यांवरून कोण चढणार होतं, देव जाणे. पितृपक्षात बुरुजाच्या खिडकीतून हात काढून आम्ही सगळ्यांत खालच्या पायरीवर काकघास ठेवायचो. माझ्या चुलतभावाची मुलगी सध्या तिकडंच शिकायला गेली आहे. मागं एकदा तिनं फोनवर एक जुनं घर दाखवलं आणि ओरडली, "आत्या, हे बघ आपलं घर! आणि या पायऱ्यांना इथले लोक कावळ्याच्या पायऱ्या म्हणतात." मी म्हटलं, "मग आम्ही काय निराळं करत होतो?"

साहेब गेला, राज्य निजामाचं होतंच, आणि बंगला एका तालुकदाराकडं आला. त्याला या दगडी कोठडीत गुदमरायला झालं असणार. त्यानं पुढच्या अंगाला तीन कमानींचा ऐसपैस व्हरांडा काढला, त्याला लागून जनान्याच्या खोल्या बांधल्या, नक्षीच्या जाळ्या बसवल्या. मग आमच्या आजोबांनी बंगला घेतला आणि त्यांनी काय जोडलं? मागं पत्र्याचं स्वयंपाकघर, पुढं तुळस, आणि न्हाणीघरावर एक सिमेंटचा स्लॅब. तीन मालकांच्या तीन फरशा, आणि एकीची दुसरीला पातळी जुळत नव्हती. दगडी घरातून व्हरांड्यात जाताना एक पायरी खाली, मागं स्वयंपाकघरात जाताना दीड पायरी वर. नवी माणसं हमखास ठेचकाळायची. आमची काकू कुंभार पिंपळगावहून लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी भाताच्या पातेल्यासकट पडली. आई म्हणाली, "पडलीस? झालं, आता घरची झालीस."

साहेबानं दगडी घरातल्या प्रत्येक खोलीत भिंतीतच चूल काढलेली होती. शेकत बसायला. आम्हाला त्या चुलींचा उपयोग काय? आजोबांनी वरून धुराड्याच्या तोंडावर शहाबादी फरशी घालून ते बंद केलं, पावसासाठी आणि चिमण्यांसाठी. दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खोलीतल्या चुलीला फळ्या ठोकून फडताळ केलं. त्यात त्यांची वकिलीची पुस्तकं. भिंतीच्या पलीकडं काकाची खोली, आणि काकाच्या चुलीत देवघर. एकाच भिंतीत दोन चुली, पाठीला पाठ लावून, आणि दोघींना मिळून एकच धुराडं. हे मला आज बराबर सांगता येतंय. तेव्हा आम्हाला फक्त एवढंच दिसायचं की दादांच्या पुस्तकांना सदा उदाचा वास येतो. कोर्टात लोक म्हणायचे, वकीलसाहेब कायद्याची पूजा करतात.

आणखी एक गोष्ट दिसायची, पण तिच्याकडं पाहिलं कुणीच नाही. दादांची आरामखुर्ची फडताळाला चिकटून असे. हातभर खिडकी समोरच्या भिंतीत, उजेड तिकडं, आणि दादा इकडं अंधारात पुस्तक उघडून बसलेले. दिवेलागणीला तर नक्कीच.

आमच्या घरात संशय हा पाहुणा नव्हता, घरचाच होता. दादा दिवसभर कोर्टात खोट्या साक्षी ऐकायचे आणि घरी आले तरी डोळे तेच. दूधवाल्याला विचारायचे, "पाणी कुठल्या आडाचं घातलंस?" आई डब्यात साखर किती उरली ते बोटानं खूण करून ठेवायची. काकाचं जुन्या जालन्यात बियाण्यांचं दुकान होतं, तो मुठीतलं बी दातांखाली चावल्याशिवाय कुणावर विश्वास ठेवायचा नाही. एक काकू तेवढी सरळ. ती दादांपुढं कधी बोलायची नाही, थोरल्या दिरापुढं पदर नीट करून भिंतीकडं तोंड करायची. तिला काही सांगायचं असलं की ते मला सांगायची, दादांना ऐकू जाईल अशा बेतानं. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, आमच्याकडं ते उलट्या दिशेनं चालायचं. स्वयंपाक दोघींचा एकत्र. सकाळी भाकऱ्या थापल्याचा आवाज पत्र्याखाली असा घुमायचा की वेगळ्या गजराची गरज नव्हती. येसराची आमटी काकूची, वरणफळं आईची, आणि धपाट्यांवरून दोघींचं भांडण ठरलेलं. मी मात्र दोन्ही बाजूंनी खायची.

खाणं मला महागात पडलं. कारण घरातल्या गोष्टी फुटायला लागल्या होत्या. आईनं दादांना हळूच सांगावं की माझ्या पाटल्या भावाकडं ठेवून येते, आणि दुसऱ्या दिवशी काकानं जेवताना म्हणावं, "वहिनी, पाटल्या दिसत न्हाईत हातात?" तिकडून काकाचंही तसंच. त्यानं दुकानाच्या मागची जागा घ्यायचं मनात आणलं, आणि दादांनी बोलता बोलता त्याला त्या जागेतल्या भानगडी सांगितल्या. एकदा तर दादा आईला म्हणाले, "धाकटीला डिंकाचे लाडू करून दे." आई चकित झाली. काकूला दिवस गेल्याचं काकूनं अजून आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. आईनं विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? दादा म्हणाले, "चेहऱ्यावरून कळतं." बायकांच्या चेहऱ्याकडं मान वर करून न पाहणारा माणूस! तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

सगळ्यांना वाटलं, हे शकूचं काम. शकू म्हणजे मी. धाकटा भाऊ अजून बोबडं बोलणारा, दोन्ही घरांत जाणारी-येणारी मी एकटीच. आई मला पाहिलं की बोलायची थांबायची. काकाही माझ्या समोर दुकानाचं नाव काढीना. मी खोलीत शिरले की माणसं एकदम हवापाण्याचं बोलायला लागत. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला ते किती लागतं, हे ज्याला लागलं त्यालाच ठाऊक. मला आई-बापाच्या घरात चोरासारखं वाटत होतं आणि मी काहीही चोरलेलं नव्हतं.

मग वाटणीचं निघालं. काकूचं बाळ येणार, जागा लागणार, आणि मनंही तोवर आंबली होती. आमच्याकडं चाल अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे पाडणारा वाकडं पाडत नाही, कारण वाकडा वाटा त्याच्याच गळ्यात पडायचा. दादांनी घराचे दोन भाग केले. एक दगडी बुरुजाची बाजू, एक व्हरांडा-जनान्याची. स्वयंपाकघर मधून तोडून घ्यायचं. राहिला आड. तो अंगणात बरोबर दोन्हींच्या मध्ये होता. रेघ अलीकडून मारली की तो बुरुजाच्या वाट्यात, पलीकडून मारली की व्हरांड्याच्या. आणि जालन्यात आड म्हणजे काय, ते उन्हाळ्यात टँकरमागं धावलेल्यांना मी सांगायला नको.

दादांनी आईला सांगितलं, तिन्हीसांजेला, त्यांच्या खोलीत, आरामखुर्चीत बसून. मी कोनाड्यात होते. "त्याला लहानपणापासून बुरुजाचं वेड. तो बुरूजच उचलणार. आड मी व्हरांड्याकडं टाकतो. बिलकुल बोलायचं न्हाई कुठं." चुन्याची फक्की घेऊन त्यांनी स्वतः अंगणात तशी रेघ मारली. रात्रीच्या जेवणात काकानं भाकरी मोडली आणि आमटीकडं बघत म्हणाला, "दादा, बुरूज कितीबी देखणा असू द्या, माणसानं त्यात पाणी काय भिंतीचं प्यायचं?"

दादांचा घास तसाच राहिला. त्यांनी काकाकडं पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

जेवण झाल्यावर माझी उलटतपासणी झाली. कधी गेलीस काकूकडं, काय खाल्लंस, कोण होतं, काय बोललीस. मी म्हणाले, मी गेलेच नाही. दादा म्हणाले, "साक्षीदार खोटं बोलतो तेव्हा आधी पायाकडं बघतो." मी पायाकडं बघत होते, कारण रडू येत होतं. निकाल लागला : वाटणी झाली की शकूनं मामाकडं मंठ्याला जायचं. कायमचं. मामाच्या घरात सातवीच्या पुढं एकही मुलगी गेलेली नव्हती. मंठ्याला जाणं म्हणजे शाळा सुटणं, आणि शाळा सुटली की पुढच्या लग्नसराईत हळद. मी नववीत होते, गणितात पहिली होते, आणि मला बाई व्हायचं होतं, खडू हातात घेऊन फळ्यापुढं उभी राहणारी. आईनं मुकाट्यानं माझी ट्रंक काढली. तिचाही माझ्यावर विश्वास नव्हता, हे मी तिला आजवर माफ केलेलं नाही.

मग मीही सगळ्यांवर संशय घ्यायला लागले. दाराआड काकू उभी राहत असेल. नाहीतर व्हरांड्याच्या जाळीतून काका. मी दारं तपासली, जाळीपाशी उभी राहून पाहिलं, काही ऐकू येईना. दुसऱ्या दिवशी दुपारी दादा बाहेर होते. ट्रंकेत भूगोलाचं पुस्तक घालायचं होतं, ते दादांच्या फडताळात पडलेलं. मधल्या फळीवरची दोन जाड पुस्तकं ओढली आणि आतून घंटी वाजली.

मी दचकून मागं झाले. मग डोकं आत घातलं. काजळीचा वास, उदाचा वास, आणि काकूचा आवाज, माझ्या कानाशी बसून बोलल्यासारखा : "देवा, पोरीचं नाव उगं खराब होऊन राह्यलंय. तिनं कायबी केलं न्हाई. ह्यांना म्हणते सांगा, तर हे म्हणतात, मंग दादाला कळंल आपून ऐकून राह्यलो म्हणून." भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला तोंडही होतं. वर आजोबांनी फरशी घातलेली, आवाजाला आभाळाकडं जायची वाट नाही, मग तो शेजारी जाणार नाही तर कुठं जाईल?

दादा आल्या आल्या मी धावत गेले. म्हटलं, "दादा, सापडलं! फडताळातून पलीकडचं सगळं ऐकू येतं, चला दाखवते." मला वाटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला, आत्ता खोलीत येतील, कान लावतील, माझी ट्रंक परत माळ्यावर जाईल. दादांनी टोपी खुंटीला अडकवली. म्हणाले, "काहीतरीच. तिथं पुस्तकं भरलेली आहेत. भास झाला तुला." आणि आले नाहीत. दुधात पाणी कुठल्या आडाचं हे विचारणारा माणूस, पण चार पावलं चालून भिंतीला कान लावेना. मी तिथंच उभी राहिले. मग मला आरामखुर्ची दिसली, तिच्या खालची घासलेली फरशी दिसली, आणि खुर्चीत बसलेल्याच्या कानाच्या उंचीवरची ती दोन पुस्तकं, जी इतर पुस्तकांसारखी घट्ट बसलेली नव्हती, सहज सरकत होती. दादांना माहीत होतं.

मी काकूकडं गेले. ती ज्वारी निवडत होती. सगळं सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं. "तू रडू नको. दिरापुढं तोंड उघडायची माझी टाप न्हाई. पर देवापुढं बोलायला तर कुणाची मनाई न्हाई ना?" त्या संध्याकाळी दादा जरा बाहेर पडले तेव्हा काकाच्या खोलीतून कडाक्याचं भांडण ऐकू आलं, तेही फडताळातून नव्हे, सरळ दारातून. काका काही साधू नव्हता, त्यानंही महिनोन्महिने आमचं ऐकलं होतं आणि माझ्यावर आळ येऊ दिला होता. पण काकूनं त्या दिवशी त्याला असं काही सुनावलं, की तो उठून देवापुढं जाऊन बसला आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलला. काय बोलला ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. दादा तोवर परतून आरामखुर्चीत बसले होते.

आदल्या दिवशीच गावाहून जालन्यात येऊन उतरलेले गणपततात्या, दादांचे चुलते, सकाळी पंच म्हणून वाटणीला आले. माझी ट्रंक व्हरांड्याच्या पायरीवर ठेवलेली, वर चादरीची वळकटी. मामा दुपारच्या गाडीला येणार होता. तात्यांनी चहा घेतला, अंगणात आले, आणि आडाजवळ थबकले.

"काल सांजच्याला मी देवळाकडं जाताना पाह्यली तवा रेघ पलीकडून व्हती. आज अलीकडून कशी?"

खरंच, कालची रेघ झाडूनही पुसट दिसत होती, आणि नवी पांढरीशुभ्र रेघ आडाच्या दुसऱ्या बाजूनं गेली होती. आड आता बुरुजाच्या वाट्यात. दादा म्हणाले, "विचार केला. तेच बराबर दिसतं."

"बरं. धाकट्यानं उचलावं."

काकानं बुरुजाकडं पाहिलं, व्हरांड्याकडं पाहिलं. काकू दाराआड उभी होती, तिच्या बांगड्या वाजल्या. काका म्हणाला, "मला बुरुजाची बाजू. आडासकट."

"असं कसं?" दादा ताडकन म्हणाले. "तू तर व्हरांडा घेणार होतास! बुरूज गेला खड्ड्यात म्हणालास, लेकराला वारा लागला पायजे म्हणालास!"

पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती.

"कुणाला म्हणालो, दादा?" काकानं विचारलं. आवाज चढवला नाही. "मी हे घरात कुणालाच म्हणालो न्हाई. बायकोला न्हाई, शकूला न्हाई. काल दिवा लावल्यावर देवापुढं बोल्लो, तेवढंच."

तात्यांनी एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं पाहिलं. कोर्टात भल्याभल्यांना अडकवणारे माझे वडील पायाकडं बघत होते. काका पुढं म्हणाला, "मीबी तुमचं ऐकलंय. पाप असंल तर दोघांचं. आपलेच दात, आपलेच ओठ. आड दोघांचा ऱ्हाऊ द्या, मला एकट्याला नगं. पण चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. त्या पोरीची ट्रंक आत घ्या."

दादा जागचे हलले नाहीत. ट्रंक आईनंही उचलली नाही. दाराआडून काकू आली. पोटुशी असूनसुद्धा, थोरल्या दिरासमोर, भर अंगणात, पदर सावरत तिनं माझी वळकटी काखेत मारली आणि ट्रंकेची एक कडी धरली. दुसरी मी धरली. दगडी घराच्या पायरीवर दोघी मिळून ठेचकाळलो आणि मला हसू फुटलं, रडता रडता. मामा दुपारी आला, भरल्या वांग्याची भाजी आणि भाकरी जेवला आणि एकटाच परत गेला.

त्या संध्याकाळी मी दादांच्या खोलीत गेले. ते खुर्चीत होते. मी विचारलं, सरळच, "दादा, तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग माझ्यावर का घातलंत?"

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. ते माझ्याशी इतक्या शांतपणे त्याआधी कधी बोलले नव्हते. म्हणाले, "त्याला कळलं असतं मी ऐकतो, तर भाऊ तुटला असता. भाऊ तुटला की घर गेलं. तू काय... लेक आहेस. आज ना उद्या जाणारच होतीस."

मला वाईट वाटावं म्हणून ते हे म्हणत नव्हते, एवढं मला तेव्हाही कळलं. म्हणूनच ते इतकं लागलं. मी कोनाड्यात जाऊन गणितं सोडवत बसले, आकडे दिसत नव्हते तरी.

वाटणी झाली नाही ती नाहीच. काकूला मुलगा झाला. तो मोठा झाल्यावर काका दुकान विकून औरंगाबादेला गेला, त्याच्यामागं काकू आणि पोरगाही. मग माझा भाऊ पुण्याला गेला. दादा गेले, आई गेली. मी बाई झाले, जालन्यातल्याच मुलींच्या शाळेत, आणि लग्न करायचं राहून गेलं, की मीच राहू दिलं, यावर लोकांना अजून संशय आहे. निवृत्त झाल्यावर छप्पर शाकारून घेतलं, आडावर मोटार बसवली, तिन्ही फरशांच्या पायऱ्यांना कडेला पिवळा रंग लावला, कारण आता ठेचकाळले तर उचलायला कुणी नाही. दादांची आरामखुर्ची मी खिडकीपाशी ओढून घेतली. हे सगळं तिच्यातच बसून लिहिते आहे. जाणारी म्हणून जिचा हिशेब केला होता, तीच तेवढी या घरात राहिली.